मरुदानल्लूरची गाती वाट

कुंभकोणमच्या उत्तरेने कावेरी वाहते, दक्षिणेने तिचीच फाटा घेतलेली धार, अरसलार. अरसलार ओलांडून साक्कोट्टैवरून पुढे गेलं की भातखाचरांच्या मधे मरुदानल्लूर लागतं. गाव लहान आहे. तमिळ शैव संत संबंदरांनी पदांत गायलेलं जुनं शिवमंदिर आहे, पाटाच्या काठाने नारळी आहेत, आणि सद्गुरुस्वामींचा मठ आहे. दक्षिणेतल्या शेकडो भजनी मंडळ्या पहाटे गात गल्लोगल्ली फिरतात. त्या फेरीला आज जी शिस्त आहे ती या मठात बसवली गेली. तिची कुळकथा सांगायची म्हणजे नदीकाठच्या वाटांचीच कथा सांगायची.

या फेरीला उंछवृत्ती म्हणतात. मूळचा उंछ म्हणजे पीक निघाल्यावर शेतात पडून राहिलेले दाणे वेचणं. महाभारतात अश्वमेधानंतर मुंगूस येऊन ज्या गरीब ब्राह्मणाच्या घरच्या मूठभर सातूची थोरवी सांगतं, तो याच वृत्तीने जगणारा. कावेरीकाठी दाणे शेतातून अंगणात आले. भागवत डोक्याला पागोटं बांधतो, खांद्याला पितळी पात्र अडकवतो, हातात चिपळ्या घेतो आणि गात दारोदार जातो. दारात कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, घातलेला असतो. घरातली बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, प्रदक्षिणा करते आणि पात्रात तांदूळ घालते. तो मागत नाही. त्याने गायचं आणि चालायचं. तांदूळ पडले तर त्या दिवशीचा नैवेद्य त्यातूनच होतो. रामदासी झोळी पाहिलेल्या मराठी माणसाला यातलं पुष्कळसं ओळखीचं वाटेल, आणि ते उगाच नव्हे.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतलं, तेव्हापासून सव्वाशे वर्षं हा नदीकाठ भोसल्यांच्या राज्यात होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी 1693 साली कावेरीच्या उत्तर काठावरचं तिरुविसनल्लूर विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि त्याला शहाजीराजपुरम हे नाव मिळालं. या भजन परंपरेतले आरंभीचे संत श्रीधर अय्यावाळ तिथलेच. अय्यावाळांचा नेम असा सांगतात की रोज नदी ओलांडून पलीकडच्या तिरुविडैमरुदूरला महालिंगाच्या दर्शनाला जायचं. त्या देवळाचा स्थळवृक्ष मरुद, म्हणजे आपला अर्जुन. पाण्याशेजारी वाढणारं झाड. एका रात्री कावेरीला पूर आला आणि अय्यावाळ काठावरच अडकले, तेव्हा देवच पुजाऱ्याच्या रूपाने प्रसाद घेऊन आला, अशी कथा आहे. चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. मला त्यातला रोजचा नेम मोठा वाटतो: होडी, वाळू, बांध आणि पुन्हा बांध, हे वर्षानुवर्षं.

त्याच काळी बोधेंद्र सरस्वती इथे आले. कांची मठाच्या परंपरेत त्यांची गणना आचार्यांत होते. ते ओरिसातल्या पुरीपर्यंत गेले होते आणि तिथून नाममाहात्म्याचा ग्रंथ मिळवून परतले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. शेवटी कुंभकोणमच्या पूर्वेला कावेरीकाठच्या गोविंदपुरमला ते राहिले. वाळवंटात खेळणाऱ्या पोरांना त्यांनी सांगितलं की मला वाळूत पुरा. पोरांना तो खेळच वाटला. 1692 साली भाद्रपद पौर्णिमेला ते असे समाधिस्थ झाले, असं परंपरा मानते.

मग नदीने आपलं काम केलं. कावेरीचा हा खालचा मुलूख सपाट आहे. दर पुरात ती गाळ आणते, काठ खाते, कधी पात्रच सरकवते. शंभर वर्षांत समाधीची जागा कोणाला ठाऊक उरली नाही.

ती शोधणारा माणूस म्हणजे मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी. नाव वेंकटरामन, घरची भाषा तेलुगू, जन्म 1777 सालचा, तिरुविसनल्लूरचाच. त्यांच्या चरित्रातल्या कथा पाहाव्यात तर बहुतेक वाटेवरच घडतात. शेजारगावी श्राद्धाला जायला निघाले, नदीकाठी पिंपळाखाली नामाला बसले आणि दिवस कलला तरी उठले नाहीत. तिकडे श्राद्धघरी त्यांच्याच रूपात राम जेवून गेला. पण सगळ्यांत विलक्षण कथा गोविंदपुरमची. उन्हाळ्यात कावेरी आटते, पात्रभर वाळू उघडी पडते. त्या तापल्या वाळूत स्वामी पाऊल पाऊल चालत राहिले, थांबत राहिले, कान लावत राहिले. एका जागी वाळूखालून रामनाम ऐकू आलं आणि त्यांनी सांगितलं, समाधी इथे आहे. पुढे तंजावरच्या राजाच्या मदतीने नदीचा ओघ थोडा बाजूला वळवून तिथे अधिष्ठान, म्हणजे समाधीमंदिर, बांधलं, असं सांप्रदायिक सांगतात. तेव्हा गादीवर सरफोजीराजे होते.

उंछवृत्तीचं खरं कूळ मला या वाळूत दिसतं. शोध घेणाऱ्याने ग्रंथ उघडला नाही, साक्षीदार बोलावले नाहीत. तो चालला, आणि ऐकत चालला. पुढे त्याने भजनाची जी पद्धत लावली तीही याच रीतीची: पायांनी जागा धरायची, कानांनी ती ओळखायची.

स्वामींना आयुष्य थोडं मिळालं. 1817 साली ते गेले. तेवढ्यात त्यांनी जे केलं ते असं: नदीकाठी विखुरलेलं गाणं त्यांनी क्रमाला लावलं. आरंभी तोडय मंगळम, मग गुरुवंदन, जयदेवाच्या अष्टपदी, कृष्णा नदीच्या मुलखातून येऊन तंजावरकडे स्थिरावलेल्या नारायणतीर्थांच्या तरंगिणीतली पदं, भद्राचल रामदास, पुरंदरदास, सदाशिव ब्रह्मेंद्र, कबीर, मीरा. आणि त्यांच्याच ओळीत नामदेव, तुकाराम. रात्री दिवा मधे ठेवून त्याभोवती फेर धरून दिव्यनाम. सकाळी गल्लीतून उंछवृत्ती. तेलुगू, संस्कृत, कन्नड, हिंदी, मराठी, तमिळ अशी ही गर्दी एका माणसाने नांदती केली. एवढ्या भाषा एका फेरीत गाण्याची सवय लावणारा असा मठ मला भारतात दुसरा चटकन आठवत नाही.

अभंग इथवर कसे आले, याचं उत्तर रस्त्यांत आहे. रामदासी परंपरेचे मठ तंजावर मुलखात होते. मन्नारगुडीच्या मठातून आलेले मेरुस्वामी कीर्तनाने इतके गाजले की पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांच्या दरबारी गेले. शिवाय काशीहून रामेश्वराला पायी जाणारे यात्रेकरू होते. त्यांच्यासाठी मराठी राजांनी वाटेवर छत्रं बांधली. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांचं. इंग्रजांनी मुलखाचा कारभार हाती घेतल्यावर 1801 साली राजांनी रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांचा खर्च चालू ठेवण्याचा आग्रह धरला होता: जातपात न विचारता जेवण, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची सोय. पंढरीच्या मुलखातला माणूस अशा छत्रात मुक्कामाला राहिला की रात्री गाणारच. जेवणाच्या पंगतीतून अभंग तमिळ कानांवर पडले, असं मी समजतो. त्यांच्याबरोबर टाळ आले, चिपळ्या आल्या. चिपळ्यांना तिकडे चप्लाकट्टै म्हणतात. पुढे मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार आले आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्तं कायमची बसली.

सद्गुरुस्वामींच्याच काळात पश्चिमेला, वरच्या काठावर तिरुवैयारूत कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज हीच उंछवृत्ती पाळत होते. स्वामींहून ते दहा वर्षांनी मोठे. आजही तिथे आराधनेच्या, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीच्या, दिवशी त्यांच्या राहत्या गल्लीतून कावेरीकाठच्या समाधीपर्यंत उंछवृत्ती निघते आणि थोरामोठ्या गवयांना त्या दिवशी पायी चालावं लागतं. व्यासपीठावर बसून ऐकलेली कृती आणि चालत ऐकलेली कृती यांत फरक असतो. चालताना लय पायांत उतरते, श्वास पुरवून घ्यावा लागतो, आणि ओळीचा शेवट गल्लीच्या वळणावर येतो. वारीला गेलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

वारीशी तुलना मात्र जपून करावी. वारी लांब जाते, पोहोचते आणि परतते. उंछवृत्ती आपल्याच चार गल्ल्या फिरते, रोज. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, धुकं असतानाच मंडळी देवळाभोवतीच्या रस्त्यांनी गात निघतात. मद्रासला मैलापूरच्या कपालीश्वराभोवती पापनाशम शिवन यांनी ही फेरी नावारूपाला आणली. तेही तंजावर जिल्ह्याचेच. विसाव्या शतकात पुदुक्कोट्टै गोपालकृष्ण भागवतरांनी मरुदानल्लूरची पद्धत शहराशहरांत नेली.

नदी तेवढी पूर्वीची राहिली नाही. 1934 साली मेट्टूरचं धरण झालं, तेव्हापासून कावेरीचं पाणी तारखेनं येतं. ठरलेला दिवस 12 जून, साठा असेल तर. ते यायच्या आधी, उन्हाळ्याच्या अखेरीला, स्वामी चालले तसं पात्र कोरडं असतं. चालायचं असेल त्याने थंडीत जावं, भात पिवळा पडलेला असतो आणि पाटांत पाणी असतं. मरुदानल्लूरहून पहाटे निघून कुंभकोणम ओलांडावं आणि मोठा रस्ता टाळता येईल तेवढा टाळून कावेरीच्या कडेने पूर्वेला गोविंदपुरम गाठावं. चांगल्या चालीच्या माणसाला एक सकाळ पुरते. कार्तिकी अमावास्येला गेलात तर नदीपलीकडे तिरुविसनल्लूरला अय्यावाळांच्या विहिरीवर स्नानाची झुंबड असते. त्या दिवशी तिथे गंगा उतरते ही श्रद्धा.

गोविंदपुरमला अधिष्ठानाबरोबर आणखी एक देऊळ दिसेल. विठ्ठल-रुक्मिणीचं, शिखर मराठी वळणाचं, द्राविडी गोपुरांच्या मुलखात उंच उठलेलं. या भजन परंपरेतल्या विठ्ठलदास महाराजांनी ते उभारलं आणि 2011 साली त्याची प्रतिष्ठा झाली. तिथे तमिळ भागवत तुकोबांचे अभंग गातात, उच्चार थोडे वेगळे, चाल कर्नाटकी रागाची. आणि मुंबईत माटुंग्याला तमिळ कुटुंबं हीच पद्धत चालवतात. तिथल्या भजनात मराठी शेजाऱ्याने जाऊन बसावं. पुढचं पद कोणत्या भाषेत येईल ते मरुदानल्लूरच्या क्रमाने ठरलेलं असतं, आणि अभंगाची पाळी त्यात येतेच.