कालनिर्देश, मराठी कागदपत्रांतील
पत्र, सनद किंवा शासकीय कागद यांच्या शीर्षभागी अगर अखेरीस दिवस, महिना व वर्ष लिहिण्याची पद्धती. मराठी दप्तरांत तिच्या अनेक तऱ्हा एकाच वेळी प्रचारात होत्या. त्यामुळे कागदाचा काळ ठरविताना प्रथम तऱ्हा ओळखावी लागते.

मराठी कागदांत दीर्घकाळ रूढ असलेला शुहूर सन सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशाबरोबर, म्हणजे जूनच्या आरंभी, बदले. त्याचे आकडे अरबी शब्दांत व एकम् स्थानापासून लिहीत. पानिपतचे युद्ध (१४ जानेवारी १७६१) ‘इहिदे सितैन मया व अलफ’ ह्या सनात पडते. एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांसाठी ह्या संख्येत ५९९ आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या दिवसांसाठी ६०० मिळविल्यास इसवी वर्ष येते. हे भान सुटले, की एखादी मोहीम वर्षभर मागे वा पुढे सरकते. त्यातच वर्ष सौर असले, तरी ‘छ’ ह्या अक्षरापुढे दिलेला दिवस व महिना हिजरी, म्हणजे चांद्र असे. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एकच तारीख एका शुहूर सनात क्वचित दोनदाही येऊ शकते.

शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला. त्याचे वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस बदलते. तथापि शुहूर सन त्यानंतरही चालू राहिला व पेशवाईतील कागदांत तोच सर्रास आढळतो. खाजगी पत्रांत वर्ष पुष्कळदा गाळलेले असते. पत्र घेणाऱ्यास ते ठाऊकच असे. असे पत्र संशोधकास मजकुरातील घटनांवरून कालक्रमात बसवावे लागते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह सिद्ध केलेला इंडियन कॅलेंडर (१८९६) हा ग्रंथ तिथी व तारखांचा मेळ घालण्यास उपयुक्त ठरला.

वरोरा हा भाग नागपूरकर भोसल्यांकडून १८५४ मध्ये इंग्रजांकडे, १८६१ मध्ये मध्य प्रांतात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. भोसल्यांच्या पत्रव्यवहारात ‘छ’ने दिलेली तारीख आढळते, तर इंग्रजी अंमलात इसवी दिनांक रूढ झाला. शीर्षभागातील जिल्ह्याचे ‘चांदा’ हे नावही १९६४ मध्ये ‘चंद्रपूर’ झाले. दिनांक पुसट झालेल्या कागदास तेवढाच एक आधार मिळतो.

राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून (चैत्र १, शके १८७९) अमलात आले. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या शीर्षभागी इसवी दिनांकाबरोबर शकेही छापतात. १ मे १९६० चे त्यातील रूप वैशाख ११, शके १८८२ असे होते. हा सौर दिनांक होय. पारंपरिक पंचांगातील तिथीशी त्याची गल्लत करू नये.

संगणकावर दिवस एका संख्येच्या रूपाने साठविता येतो व शीर्षभागी वा तळभागी तो कसा दिसावा हे स्वतंत्रपणे ठरविता येते. ०३/०४ म्हणजे भारतीय रीतीने ३ एप्रिल, तर अमेरिकी रीतीने ४ मार्च. महिना अक्षरी लिहिल्यास हा घोळ टळतो. आपोआप बदलणारा दिनांक योजल्यास मात्र जुने पत्र उघडताच त्यावर त्या दिवसाची तारीख येऊ शकते आणि पाठविल्याचा मूळ दिवस कागदावरून नाहीसा होतो.