माशांच्या खाऊची गोष्ट

शोभेचे मासे वाढवणाऱ्या बचत गटांतल्या बायका नेहमी विचारतात, "ताई, डबीतला खाऊ महाग पडतो. तो आपणच घरी केला तर?" उत्तर शोधण्याआधी हा खाऊ डबीत आला कसा, ते पाहू.

चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपासून सोनमासे पाळतात. त्यांचं मुख्य खाणं म्हणजे डबक्यातले बारीक जिवंत किडे. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं आणि युरोपात घरोघरी काचेच्या टाक्या आल्या. पण शहरात रोज डबकं कुठून आणायचं? मग वाळवलेले पाणकिडे आणि 'मुंग्यांची अंडी' म्हणून मुंग्यांचे वाळवलेले कोष विकले जाऊ लागले. मासे ते खायचे, पण त्यातून पुरेसं पोषण मिळत नसे.

पिल्लांचा प्रश्न तर आणखी अवघड. त्यांच्या एवढ्याशा तोंडात मावेल असं खाणं हवं. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातले अल्विन सील यांनी खाऱ्या पाण्यातल्या 'आर्टेमिया' या इवल्या जिवाचा उपयोग लिहून ठेवला. त्याची कोरडी अंडी बियाण्यासारखी साठवता येतात. मिठाच्या पाण्यात टाकली की एक-दीड दिवसात पिल्लं बाहेर पडतात.

न्यूयॉर्कमध्ये मायरन गॉर्डन हे शास्त्रज्ञ कर्करोगाच्या अभ्यासासाठी छोटे मासे पाळत. शेकडो माशांना रोज सकस खाणं हवं. त्यांनी जनावराचं यकृत वाटून त्यात लहान बाळांसाठी मिळणारं तयार धान्याचं पीठ मिसळलं आणि ते शिजवलं. ही कृती 'गॉर्डनचं मिश्रण' म्हणून मासे पाळणाऱ्यांमध्ये पसरली. म्हणजे बाळाच्या वाटीतलं खाणं माशापर्यंत पोचलं!

डबीतल्या पातळ पापुद्र्यांचा, म्हणजे फ्लेकचा खाऊ १९५० च्या दशकात जर्मनीतल्या डॉ. उलरिच बेन्श यांनी 'टेट्रामिन' नावानं बाजारात आणला. असा खाऊ करताना मासळीची भुकटी, पीठ, यीस्ट आणि जीवनसत्त्वं यांचं सरसरीत मिश्रण करतात. वाफेनं आतून तापवलेल्या, फिरत्या लोखंडी रुळावर त्याचा पातळ थर देतात. क्षणात शिजतो, वाळतो, मग खरवडून काढतात. आपण पापडाचं पीठ पातळ करून वाळवतो, त्यातलाच प्रकार. हा पापुद्रा आधी तरंगतो, भिजला की हळूहळू खाली जातो. त्यामुळे वरच्या आणि मधल्या थरातल्या, दोन्ही माशांना तो मिळतो.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. खाऊ घरी करता येतो, हे गॉर्डन यांनी दाखवलंच. पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रथिनं भरपूर हवीत, नुसत्या पिठावर मासा वाढत नाही. खाऊ पाण्यात लगेच विरघळता कामा नये. आणि ओल राहता कामा नये, नाहीतर बुरशी धरते.

म्हणून विक्रीचा विचार नंतर. आधी काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चिमूटभर खाऊ टाका आणि दहा मिनिटं बघा. पाणी गढूळ झालं तर मिश्रण बदला. मग चार-पाच माशांना वेगळ्या टाकीत महिनाभर घालून पाहा, त्यांची वाढ वहीत लिहा. मासा तक्रार करत नाही, तो सरळ मरतो, आणि नुकसान गटाच्या खात्यात पडतं. वहीतली नोंद चांगली आली, की मग मोठं पातेलं चुलीवर चढवा.