कुत्र्यांसाठी पेटलेली मुंबई आणि आपले निवारे

ब्रिटिश अमलातल्या मुंबईत अगदी सुरुवातीला जे दंगे झाले, त्यातला एक कुत्र्यांपायी झाला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? साल १८३२. जागा मुंबईचा कोट.

मोकाट कुत्री मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता. उन्हाळ्यात १५ एप्रिल ते १५ मे आणि पावसाळा सरता सरता १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी त्याची मुदत ठरलेली. १८३२ साली ही उन्हाळी मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली आणि मारलेल्या दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले गेले. त्या काळी आठ आणे ही काही लहान रक्कम नव्हे. मग काय, मोकाट कुत्रे कुठले आणि पाळलेले कुठले, हा भेद राहिलाच नाही. लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली.

६ जूनला पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर प्रेतावर कुत्र्याची दृष्टी पडावी, असा त्यांचा विधी आहे. त्याला 'सगदीद' म्हणतात. नेमक्या त्या दिवशी शिपाई कुत्री मारत फिरताना दिसले आणि सुमारे दोनशेंचा जमाव त्यांच्यावर धावून गेला. त्यात पारशांबरोबर हिंदूही होते. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. कुलाब्याच्या पलटणीला जाणारी रसद अडवली गेली. सरकारने सैन्य आणून दंगा मोडला, धरपकड झाली. पण पुढे जमशेटजी जिजीभाई आणि इतर प्रतिष्ठितांनी अर्ज-विनंत्या केल्या आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावीत, असा तोडगा निघाला.

आता हलवायची तर कुठे? या प्रश्नातून १८३४ साली मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. जमशेटजी आणि मोतीशा शेठ या नावाने प्रसिद्ध असलेले जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद हे तिचे संस्थापक. भुलेश्वरजवळ ती आजही आहे. मात्र आज तिथे जाल तर दिसतील त्या मुख्यतः गाई. ज्या कुत्र्यांपायी एवढे रामायण घडले, ती मुंबईच्या रस्त्यावर होती तशीच राहिली.

हा इतिहास मी सांगतो आहे तो त्यातल्या या शेवटच्या वाक्यासाठी. मी सरकारी कारकून. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही काही मंडळी मिळून कुत्र्या-मांजरांचा एक छोटा निवारा चालवतो. कणीचा भात शिजवणे, पिंजरे धुणे, खरजेची औषधे लावणे, पावसाळ्यात किडे पडलेल्या जखमा साफ करणे, हे आमचे काम. पुण्य वगैरे कोणी म्हटले की हसू येते, कारण कामाचा निम्मा वेळ फिनेलच्या वासात जातो. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार घडते. सकाळी फाटक उघडावे तर बाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यात चार-पाच पेटी. डोळेही धड न उघडलेली. ठेवणारा मनाने वाईट नसतो. 'निवारा आहे ना, मग तिथे सुखाने राहतील,' असे त्याला वाटते. इथे आईवाचून आलेल्या पिल्लाला पार्व्हो गाठतो आणि चार दिवसांत खोके रिकामे होते, हे त्याला कोणी सांगत नाही.

आमच्या कचेरीत नको असलेली फाईल दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतात. फाईल निकाली निघत नाही, फक्त दिसेनाशी होते. कुत्र्यांच्या बाबतीत आपण १८३४ पासून हेच करत आलो आहोत.

दुसरा रस्ता मद्रासने दाखवला. तिथल्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ मध्ये नसबंदी करून कुत्री मूळ जागी सोडण्याचे काम हाती घेतले. १९९६ मध्ये तिथल्या महापालिकेने तो मार्ग स्वीकारला आणि २००१ मध्ये देशभरासाठी तसे नियम झाले. त्यामागचे गणित सोपे आहे. कुत्री मारा नाहीतर उचलून न्या, खरकटे जोवर उघड्यावर आहे तोवर मोकळ्या जागेत शेजारच्या वाड्यावरची कुत्री येतात. नसबंदी झालेले, लस टोचलेले कुत्रे मात्र आपली हद्द राखते आणि वीण वाढवत नाही.

आणि याचा दाखला शोधायला दूर जायला नको. आपल्या गोव्यात मिशन रेबीज आणि सरकारने मिळून २०१४ पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. जून २०२१ मध्ये गोवा हे देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. हे यश पिंजऱ्यांचे नाही, जाळी घेऊन उन्हातान्हात वाडे पालथे घालणाऱ्या पोरांचे आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यात टाकण्याचा आदेश दिला, अकरा दिवसांत तो बदलून लस आणि नसबंदीनंतर बहुतेक कुत्री परत सोडण्यास सांगितले, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळे, बसस्थानके यांच्या आवारातली कुत्री मात्र तिथे परत सोडू नयेत, असे बजावले. ज्याच्या पोराला कुत्रे चावले त्याचा राग खोटा नाही. त्याला भूतदयेचे प्रवचन देणारा मी कोण? पण 'सगळी उचला' म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे की ठेवायची कुठे, आणि रोज त्यांना खायला कोण घालणार? आमच्यासारख्या निवाऱ्यात चाळीस जनावरे झाली की आजारी कोणते आणि धडधाकट कोणते, हे वेगळे ठेवणेही कठीण होते.

तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजणाऱ्या एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. नाथांनी ते गाढव उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवले नाही. जिथे होते तिथेच त्याला पाणी पाजले. निवारा हवाच, पण तो जखमींसाठी, आजाऱ्यांसाठी, थोड्या दिवसांचा. बाकीचे काम आपल्या वाड्यावरचे आहे. दारातल्या सुण्याची नसबंदी झाली आहे का, त्याला यंदाची लस मिळाली आहे का, एवढे प्रत्येक वाड्याने पाहिले तर आमच्या फाटकासमोरचे खोके बंद होईल.