पीएलसीची स्मृती : वीज परतल्यावर यंत्राला काय आठवते?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहती असोत, की तेथून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या, ऊस पिकवणाऱ्या कन्नड तालुक्यातील साखर उद्योग असो. यंत्रांनी कोणते काम केव्हा व कोणत्या क्रमाने करायचे, हे ठरविण्याची जबाबदारी आता प्रामुख्याने 'प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर' अर्थात पीएलसी या उपकरणाकडे असते. उपकरण निवडताना त्याच्या वेगाची चर्चा पुष्कळ होते. त्याच्या स्मृतीचे कप्पे कसे विभागले आहेत व वीज गेल्यावर त्यांतील काय शिल्लक राहते, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले जाते. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाची सुरक्षितता बऱ्याच अंशी याच प्रश्नाशी निगडित आहे.

जन्मकथा

१९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या पॅनेलना पर्याय हवा होता. मोटारीचे मॉडेल बदलले, की शेकडो रिलेंच्या तारा नव्याने जोडाव्या लागत. डिक मॉर्ले व त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने तयार केलेले 'मॉडिकॉन ०८४' हे या गरजेला मिळालेले उत्तर होते. तो त्या संस्थेचा ८४ वा प्रकल्प असल्यामुळे उपकरणाला हे नाव पडले. तारा बदलण्याऐवजी स्मृतीतील आज्ञावली बदलायची, हे त्याचे मूलतत्त्व आजही कायम आहे.

प्रोसेसरचे चक्र

पीएलसीचा प्रोसेसर एकच फेरा अखंड मारीत असतो. प्रथम तो सर्व बटणे, स्विच व सेन्सर यांची स्थिती वाचून स्मृतीत तिचे चित्र उतरवून घेतो. त्यानंतर त्या चित्राच्या आधारे आज्ञावली आरंभापासून अखेरपर्यंत पार पाडतो. शेवटी निष्कर्ष बाहेरच्या मोटारी, व्हॉल्व्ह व दिवे यांच्याकडे पाठवितो. या फेऱ्याला 'स्कॅन' म्हणतात व तो साधारणतः काही मिलिसेकंदांत पूर्ण होतो.

सीमेन्सच्या एस७-१२०० मालिकेतील १२१४सी हा प्रोसेसर एक बिट-आदेश ०.०८ मायक्रोसेकंदात पार पाडतो, तर मित्सुबिशीच्या एफएक्स३यू ला मूलभूत आदेशासाठी ०.०६५ मायक्रोसेकंद लागतो. एवढा वेग असूनही एका स्कॅनपेक्षा कमी काळ टिकणारा संकेत निसटू शकतो. वेगाने फिरणाऱ्या दंडाचे फेरे मोजण्यासाठी म्हणूनच स्कॅनपासून स्वतंत्र चालणारा अतिवेगवान गणक प्रोसेसरमध्ये दिलेला असतो.

दुसरे महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे 'वॉचडॉग' हा पहारेकरी. फेरा ठरावीक मुदतीत संपला नाही, तर तो प्रोसेसरला थांबवितो. सीमेन्सच्या एस७-३०० मध्ये ही मुदत मुळात १५० मिलिसेकंद ठेवलेली असे.

स्मृतीचे कप्पे

सीमेन्सच्या पद्धतीत स्मृतीचे तीन मुख्य विभाग आहेत. 'लोड मेमरी'मध्ये संपूर्ण आज्ञावली साठविलेली असते. एस७-३०० च्या नंतरच्या प्रोसेसरमध्ये ती छोट्या मेमरी कार्डावर असे. 'वर्क मेमरी'मध्ये प्रत्यक्ष चालणारा भाग उतरतो. 'सिस्टिम मेमरी'मध्ये इनपुट व आउटपुट यांची चित्रे, 'एम' हा टिपणवहीसारखा भाग आणि जुन्या मालिकांमध्ये टायमर व काउंटर असतात. यांखेरीज पाककृती, मोजमापे, उत्पादनाचे आकडे यांसाठी 'डेटा ब्लॉक' तयार करता येतात.

अन्य कंपन्यांची नावे निराळी आहेत. अॅलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मध्ये स्मृतीच्या फायली असतात : बी३ मध्ये बिट, टी४ मध्ये टायमर, सी५ मध्ये काउंटर व एन७ मध्ये पूर्णांक. मित्सुबिशीमध्ये एक्स म्हणजे इनपुट, वाय म्हणजे आउटपुट, एम म्हणजे अंतर्गत रिले व डी म्हणजे आकड्यांचे रजिस्टर. एफएक्स मालिकेत एक्स व वाय यांचे क्रमांक अष्टमान पद्धतीने दिलेले असल्याने एक्स७ नंतर थेट एक्स१० येतो. नवख्या वायरमनचा गोंधळ येथेच उडतो.

सीमेन्समध्ये आणखी एक सापळा आहे. 'एमडब्ल्यू १०' हा शब्द १० व ११ क्रमांकांचे दोन बाइट व्यापतो, तर 'एमडब्ल्यू ११' हा ११ व १२ क्रमांकांचे. दोन्ही वापरल्यास ११ क्रमांकाचा बाइट सामाईक होतो व एक आकडा दुसऱ्याला बिघडवितो. दोष यंत्रात शोधला जातो आणि तो असतो पत्त्यांत.

काय टिकते, काय पुसले जाते?

वीज गेल्यावरही ज्या भागातील नोंद टिकते, त्याला 'रिटेंटिव्ह' अर्थात धारक स्मृती म्हणतात. तिची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. एस७-३०० मध्ये एम भागाचे पहिले १६ बाइट मुळातच धारक असत. एस७-१२०० मध्ये मात्र कोणता भाग धारक हवा, हे स्वतः सांगावे लागते. एफएक्स३यू मध्ये मूळ मांडणीनुसार एम४९९ पर्यंतचे रिले व डी१९९ पर्यंतची रजिस्टर पुसली जातात, त्यापुढची सर्वसाधारणपणे टिकतात. एसएलसी ५०० मध्ये साध्या आउटपुट आदेशाचा बिट यंत्र पुन्हा सुरू होताना शून्य होतो, पण 'लॅच' आदेशाने चढविलेला बिट तसाच राहतो.

याचा अर्थ साखर कारखान्यातील सेंट्रिफ्युगल यंत्रावरून स्पष्ट होतो. साखरेचे दाणे व मळी यांचे मिश्रण जाळीदार पिंपात भरायचे, मिनिटाला हजारावर फेरे देऊन मळी बाहेर काढायची, दाणे पाण्याने धुवायचे, मग वेग अगदी कमी करून साखर खरवडून खाली सोडायची; हा क्रम पीएलसी सांभाळतो. मध्येच वीज गेली व क्रमाची पायरी पुसली गेली, तर पीएलसीच्या दृष्टीने पिंप रिकामे ठरते आणि भरलेल्या पिंपात पुन्हा मिश्रण सोडण्याचा आदेश निघू शकतो. उलट 'यंत्र चालू' हा बिटही धारक ठेवला, तर वीज परतताच यंत्र आपोआप फिरू लागेल. त्या वेळी कामगार पिंपाची जाळी साफ करीत असेल, तर काय घडेल हे सांगावयास नको.

म्हणूनच पायरीचा क्रमांक, गाळपाची बेरीज व प्रतवारीचे आकडे धारक भागात असावेत. यंत्र चालविण्याची परवानगी मात्र धारक नसावी. वीज आल्यावर चालकाने पाहणी करून बटण दाबले, तरच पुढचे काम सुरू व्हावे. पहिल्या स्कॅनपुरता चालू राहणारा खास बिट, उदाहरणार्थ मित्सुबिशीचा एम८००२, अशी प्रारंभिक सफाई करण्यासाठीच दिलेला आहे. आपत्कालीन थांब्याचे बटण तर केवळ आज्ञावलीवर विसंबू नये; त्याने स्वतंत्र सुरक्षा-रिलेमार्फत पुरवठा तोडला पाहिजे.

देखभालीची पथ्ये

बॅटरीवर स्मृती टिकविणाऱ्या पीएलसीत बॅटरीचा इशारा दिवा लागला, की ती तातडीने बदलावी. कशी व किती वेळात, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. गळीत हंगाम संपल्यावर महिनोन् महिने बंद राहणाऱ्या कारखान्यात ही दक्षता विशेष आवश्यक ठरते. पुढच्या हंगामात गव्हाणीत मोळी टाकण्याच्या दिवशी आज्ञावली पुसली गेल्याचे लक्षात आले, तर शहरातून अभियंता येईपर्यंत ऊस वाळत राहतो.

टिप्पण्यांसह आज्ञावलीची प्रत, कोणता पत्ता कशासाठी वापरला याची यादी व धारक भागाची मर्यादा या तीन गोष्टी कारखान्याच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात. यंत्र पुरविणारा ठेकेदार बदलतो, माहीतगार कर्मचारी निवृत्त होतो. कागदावर उतरलेली ही माहिती तेवढी मागे राहते. नवा पीएलसी घेतल्यावर पहिल्याच दिवशी, यंत्र रिकामे व सुरक्षित असताना, जाणूनबुजून वीज बंद करून पुन्हा सुरू करावी आणि काय टिकले, काय पुसले गेले याची नोंद करावी. या चाचणीला काही मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही.