निवृत्तीनंतरचे घर आणि पायाखालची जमीन

आपल्या वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट हल्ली वारंवार दिसते. एस.टी., रेल्वे, महापालिका, शाळा, बँक अशा नोकऱ्यांतून निवृत्त झालेली पहिल्या-दुसऱ्या पिढीची माणसे गावाकडे परतून घर बांधत आहेत. फंडाचे पैसे आले की सिमेंट-सळईचे भाव विचारले जातात, गवंडी ठरतो, पाया खोदला जातो. त्यावर आपल्याच चळवळीतली तरुण पोरे टीका करतात: "बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले आणि काका म्हातारपणी पुन्हा वेशीबाहेर जाऊन बसले!" दुसऱ्या बाजूला गावाच्या आठवणींत रमणारे लोक आहेत. त्यांच्या मते गाव म्हणजे माया, मोकळी हवा, शेवटचा विसावा.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. आपल्या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात घर कुठे बांधावे, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडलेला नाही. तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी एकाच गोष्टीवर ठरले आहे: घराखालची जमीन कोणाची आणि कोणत्या अटीवर?

पेन्शनर गावी का गेले नाहीत?

आपल्यातला पहिला 'निवृत्त' वर्ग इंग्रजांच्या पलटणीतून आला. पेन्शन होती, अक्षरओळख होती, अंगावर गणवेशाचा रुबाब होता. ही माणसे म्हातारपणी राहिली कुठे? कोकणातली अनेक कुटुंबे दापोलीच्या लष्करी कॅम्पात राहिली. गोपाळबाबा वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळचे. 1886 मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दापोलीत बस्तान मांडले आणि तिथूनच 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्मपंडितांना जाब विचारला. सुभेदार रामजी सकपाळ 1894 च्या सुमारास निवृत्त झाले, तेव्हा लहानग्या भीमरावाला घेऊन हे कुटुंबही दापोलीलाच आले. पुढे ते साताऱ्याला गेले. मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात, म्हणजे दापोलीहून फार लांब नव्हे. तरी सुभेदारांनी आपला संसार गावात मांडला नाही.

का? कॅम्पात तो सुभेदार होता. गावात पाऊल टाकताच तो पुन्हा गावकामाचा महार ठरणार होता. पेन्शनचे पैसे त्याच्याजवळ होते, पण गावात त्या पैशाला प्रतिष्ठा विकत घेता येत नव्हती. शिकलेल्या माणसाने घर बांधताना भिंतींआधी आपल्या दर्जाचा विचार केला, याचे हे आपल्या इतिहासातले पहिले ठळक उदाहरण आहे.

वतन: जमीन आणि बेडी

आता गावात उरलेल्यांकडे पाहू. "महाराला जमीन नव्हती" असे आपण सरसकट बोलतो. ते पूर्ण खरे नाही. विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात महार वतनाची जमीन होती. लोक तिला हाडकी-हाडवळा म्हणत. पण ती जमीन चाकरीला बांधलेली होती. सरकारी टपाल पोहोचवायचे, सारा तालुक्याला न्यायचा, हद्द राखायची, मेलेले जनावर ओढायचे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे. रात्र नाही, दिवस नाही. घरचा पुरुष आजारी असला तर दुसऱ्या कोणी जायचे. 1874 च्या वतन कायद्याने या व्यवस्थेवर सरकारी शिक्का मारला.

बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मधून महार वतनावर हल्ला चढवला तो यासाठी. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यातली एक मुख्य तरतूद आजही समजून घेण्यासारखी आहे: वतनदाराची इच्छा असेल तर त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा, चाकरीतून सुटावे आणि जमीन मात्र त्याच्याकडेच राहावी. म्हणजे बाबासाहेब जमीन सोडायला सांगत नव्हते. ते जमिनीपासून गुलामी वेगळी करू पाहत होते. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. डिसेंबर 1939 मध्ये नगर जिल्ह्यातल्या हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद झाली, तिथेही ते हाच विषय घेऊन उभे राहिले.

शेवटी 1958 चा कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायदा आला आणि 1 ऑगस्ट 1959 पासून पश्चिम महाराष्ट्रात लागू झाला. चाकरी संपली. जमीन सरकारजमा होऊन आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला पुन्हा मिळणार होती. पण कशी? नव्या अविभाज्य शर्तीने. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय आणि सरकारला नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही. सातबारावर आजही 'भोगवटादार वर्ग 2' दिसतो, तो तिथून आला. अनेकांना मुदतीत पैसे भरता आले नाहीत, अनेकांना असे काही असते हेच कळले नाही. जमीन गहाण गेली, कोणाच्या तरी वहिवाटीत गेली. ज्यांची राहिली त्यांच्या एका गटावर आज तीस-चाळीस नावे आहेत आणि वाटप झालेले नाही.

बाबासाहेबांचे म्हणणे नेमके काय होते?

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे जे वाभाडे काढले, ते आपल्याला पाठ असते. पण त्याच्या मागेपुढे त्यांनी काय मागितले, ते आपण विसरतो. 1942 च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी सरकारी वसाहत आयोगाची तरतूद मांडली: पडीक सरकारी जमीन या आयोगाकडे द्यावी आणि तिथे अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवावीत. मार्च 1956 मध्ये आग्र्याच्या भाषणात त्यांनी खेड्यातल्या भूमिहीनांविषयीची आपली वेदना बोलून दाखवली.

म्हणजे त्यांचा विरोध मातीला नव्हता. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर, दुसऱ्याने आखून दिलेल्या कोपऱ्यात राहण्याला होता. त्यांनी स्वतः काय केले? परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहून, वयाच्या चाळिशीनंतर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. ते 1933 च्या सुमारास पूर्ण झाले. नाव मगधाच्या राजधानीचे आणि घरातले महत्त्वाचे स्थान पुस्तकांना. चाळीतून निघालेल्या माणसाने घर बांधताना आधी ग्रंथ कुठे राहतील हे पाहिले. मालकीची जागा, स्वतःचा आराखडा आणि वाचनाची सोय, हा राजगृहाचा धडा आहे. तो शहरात लागू होतो तसा गावातही होतो.

दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसे तुरुंगात गेली. ती सगळी माणसे बाबासाहेबांच्या विरोधात गावाला चिकटून बसली होती काय? नाही. ती गावात स्वतःच्या नावाची जमीन मागत होती.

घर पेटवले जाते तेव्हा

तरुणांची भीती मात्र खोटी नाही, हे काकांनीही समजून घ्यावे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि खेड्याखेड्यांतून आपली घरे पेटवली गेली. हल्लेखोर आधी घरावर का आले? कारण घर हे प्रगतीचे सर्वांना दिसणारे चिन्ह असते. पदवी खिशात राहते, घर रस्त्यावरून दिसते. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. त्यामागच्या वैरातही शेतातून रस्ता नेण्याचा वाद होता. स्वतःची शेती करणारे, मुलांना शिकवणारे ते कुटुंब होते. म्हणून "गाव आता बदलले" हे वाक्य तपासल्याशिवाय कोणी स्वीकारू नये. आपली दहा-वीस घरे शेजारी आहेत का, वस्तीचा रस्ता आणि पाणी कोणाच्या शेतातून येते, ग्रामपंचायतीत आपला आवाज आहे का, हे प्रश्न फरशीचा रंग निवडण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

शहरानेही आपल्याला फार काही दिले असे नाही. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे आयुष्य उलटेपालटे झाले. चाळीतली खोली भाड्याची होती. गावी परतलेल्या आपल्या कामगाराची तर गावातही शेती नव्हती, वस्तीतली एक खोली चार भावांत वाटलेली. ज्याच्या नावावर कुठेच जमीन नाही, त्याला शहर सोडता येते पण गाव धरता येत नाही.

कागद आधी, पाया नंतर

हा इतिहास माहीत असलेल्या माणसाने आज घर बांधताना काय करावे? माझ्या कामात ज्या चुका सर्रास दिसतात, त्यांवरून चार मुद्दे मांडतो.

पहिला: ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे. "तीस वर्षे पट्टी भरतोय" एवढ्यावर फंडाचे पंधरा लाख ओतू नयेत. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, ठिकठिकाणी भीमनगर, समतानगर अशा पाट्या लागल्या. चांगलेच झाले. पण पाटी बदलली म्हणून जमिनीचा उतारा बदलत नाही. गावठाणाच्या हद्दीत घर असेल तर ड्रोन मोजणीनंतर मिळणारे मालमत्ता पत्रक आपल्या नावाने झाले का, ते पाहा. एप्रिल 2020 पासून स्वामित्व योजनेत हे काम चालू आहे. मोजणीच्या दिवशी मुंबईत बसून राहू नका, गावी हजर राहा.

दुसरा: वतनाच्या सामाईक गटात परस्पर घर बांधू नका. महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे वाटप मागता येते. आज चुलतभाऊ "बांध की दादा" म्हणतो, उद्या त्याची मुले म्हणतीलच असे नाही. घर पाडण्यापेक्षा भावकीत बसून वाटप करणे स्वस्त पडते.

तिसरा, आणि सर्वांत दुर्लक्षित: वतनाचा शेवटचा गुंठा विकू नका. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाडा-विदर्भाच्या कुळकायद्यांतही तशीच अट आहे. कायदा कुळाच्या रक्षणासाठी आला, पण पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन ठेवलेल्या समाजाला त्याचा अर्थ असा झाला की पैसे असूनही दार बंद. आजोबांच्या सातबारावरचे तुमचे नाव हाच तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला आहे. तो गुंठा गेला की मुलांचा शेतजमीन घेण्याचा सोपा मार्गही गेला.

चौथा: गायरानावर राहणाऱ्यांनी आपले प्रकरण वेगळे समजावे. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचे आदेश दिले. त्याच निकालात भूमिहीन शेतमजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी योजनेखाली दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवला आहे. नोटीस आली की लोक निकालाचा पहिला भाग ऐकून घाबरतात. दुसरा भाग आपण सांगायला हवा. पीक पाहणीच्या जुन्या नोंदी, दंडाच्या पावत्या, वीजबिल, सगळे जपून ठेवा. आणि तोवर तिथे आयुष्याची पुंजी घालू नका.

यासोबत एक आग्रह. घर बाईच्या नावावर, निदान दोघांच्या नावावर करा. रमाईच्या नावाची घरकुल योजना आहे आणि आपल्या घरच्या रमाईचे नाव उताऱ्यावर नाही, हे शोभत नाही. विधवा झालेल्या आईला दीर-पुतणे घराबाहेर काढतात, तेव्हा निळा झेंडा तिला वाचवत नाही. कागद वाचवतो.

तरुणांनो, गावी घर बांधणाऱ्या काकांची थट्टा करण्याऐवजी त्यांच्यासोबत एक दिवस तलाठी कार्यालयात जा. सातबारा, फेरफार, 'इतर हक्क'चा रकाना त्यांना वाचून दाखवा. ज्या माणसाने चाळीस वर्षे नोकरी करून तुम्हाला एम.ए.पर्यंत शिकवले, त्याला फेरफार वाचता येत नसेल तर ते आपले काम आहे. दर 14 एप्रिलला वर्गणी काढून आपण मिरवणूक काढतो. यंदा त्याच वर्गणीतून वस्तीतल्या प्रत्येक घराचा उतारा काढू आणि विहारात बसून एकेक वाचू. किती घरांखालची जमीन आपली आहे, ते त्या दिवशी कळेल. ज्यांची नाही, त्यांचा अर्ज दुसऱ्याच दिवशी तहसीलदारांच्या टेबलावर गेला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!