एंडोकार्डायटिस : प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांतील

हृदयाच्या आतल्या अस्तराला, त्यातही झडपांना, जंतूंची लागण झाली की होणारा आजार. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारे टॅक्रोलिमस हे औषध घेणारे, केमोथेरपी चालू असलेले, दीर्घकाळ स्टेरॉइडवरचे किंवा डायलिसिसवरचे रुग्ण यांच्यात तो पुष्कळदा दबक्या पावलांनी येतो.

झडपेवर जंतू, फायब्रिन आणि प्लेटलेट यांचा गोळा चिकटून वाढतो. त्याला व्हेजिटेशन म्हणतात. झडपांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात, त्यामुळे पांढऱ्या पेशी या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत फारशा पोचत नाहीत. म्हणजे धडधाकट माणसाची प्रतिकारशक्तीही इथे तोकडीच पडते. औषधांनी ती दाबल्यावर आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे इशारा. ताप हा मुळात प्रतिकारयंत्रणेचाच आरडाओरडा. स्टेरॉइडने तो आवाज बसतो. मग थकवा, घटलेले वजन, क्वचित थेट अर्धांगवायू, एवढ्यावरून आजार ओळखावा लागतो. विल्यम ऑस्लर यांनी 1885 साली लंडनच्या व्याख्यानांत या रोगाचे विस्तृत वर्णन केले. बोटांच्या टोकांवरच्या ज्या दुखऱ्या गाठींना त्यांचे नाव आहे, त्या एरवीही थोड्याच रुग्णांत दिसतात.

लागणीची वाटही वेगळी. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपेवर बहुधा तोंडातले स्ट्रेप्टोकोकस बसतात. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत मात्र कातडीवरचा स्टॅफिलोकोकस ऑरियस अनेकदा डायलिसिसच्या किंवा केमोथेरपीच्या कॅथेटरमधून रक्तात शिरतो. जीव वाचवणारी नळीच दार उघडून देते! प्रत्यारोपणानंतर अ‍ॅस्परजिलससारखी बुरशीही संशयात ठेवावी लागते, आणि ती रक्ताच्या कल्चरमध्ये क्वचितच उगवते.

निदान 1994 च्या ड्यूक निकषांवर होते. 2023 मध्ये ते सुधारले गेले. छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) न दिसलेला गोळा अन्ननलिकेतून केलेल्या इकोत सापडू शकतो.

खरी कसरत उपचारात. शिरेतून अँटिबायोटिक साधारण 4 ते 6 आठवडे द्यावे लागते. कृत्रिम झडपेवर स्टॅफिलोकोकस असेल तर रिफॅम्पिसिन जोडतात. पण त्याने यकृत टॅक्रोलिमसचा झपाट्याने निचरा करते आणि नवे मूत्रपिंड नाकारले जाण्याचा धोका वाढतो. जेंटामायसिन तर मूत्रपिंडालाच जाचक.

तापाला आधी अँटिबायोटिक, मग तपासणी हा क्रम इथे महागात पडतो, कारण औषध आधी गेले की कल्चरमध्ये जंतू सापडणे अवघड होते. कॅथेटर असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर घरची उरलीसुरली गोळी न देता त्याला तडक रुग्णालयात न्यावे आणि पहिल्या डोसाआधी रक्ताचे कल्चर घ्यायला सांगावे.