सफेद्यापासून फाउंडेशनपर्यंत

मी मिरजोळ्याहून बोलतेय. बचत गटांच्या कामासाठी वाड्यावाड्यांवर फिरताना कर्जाचे, हप्त्यांचे, वहीखात्याचे प्रश्न तर येतातच. पण आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींनी आता पार्लरचं काम सुरू केलंय, त्यामुळे लग्नसराई जवळ आली की एक वेगळा प्रश्न हमखास येतो. "ताई, नवरी गोरी आहे, पण जरा उन्हात गेली की गाल लालबुंद होतात. काही लावलं की चुणचुणतं. हिला कुठलं फाउंडेशन लावायचं? मांडवातल्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत टिकलं पाहिजे."

प्रश्न दुकानातल्या बाटलीचा वाटतो, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. चेहऱ्याला लावलेला रंग टिकावा आणि त्याने आतलं झाकावं, यासाठी माणसांनी काय काय लावलं आणि त्याची किती किंमत मोजली, ते आज बघू. नवरीसाठी काय निवडायचं, ते या इतिहासातच सापडतं.

सुरुवात आपल्या रत्नागिरीपासून करू. थिबा पॅलेस आपण सगळ्यांनी पाहिलाय. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये राणी सुपायालत आणि कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये तो राजवाडा राहायला तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. ज्या देशातून हे कुटुंब आलं, त्या देशातल्या बायका आजही गालांवर पिवळसर लेप लावून बाजारात, शेतात जातात. त्या लेपाला थानाका म्हणतात. आपण चंदन उगाळतो तशीच एका झाडाची साल ओल्या दगडावर उगाळायची आणि गालांना लावायची. हे झाड आपल्या लिंबाच्या, बेलाच्या, कवठाच्या कुळातलं. लेपाने गार वाटतं, ऊन कमी लागतं, आणि सुकला की तो बराच वेळ राहतो.

आपल्याकडेही उटणं होतं, चंदन होतं, हळद होती, मुलतानी माती होती. पण आपले लेप लावायचे आणि धुऊन टाकायचे. थानाका लावून हिंडायचं. लेप दिसला तरी कुणाला त्याची लाज नाही. चेहरा सांभाळावा हा हेतू, चेहरा लपवावा हा नव्हे. हा फरक लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. युरोपात काही शतकं श्रीमंत बायका चेहरा पांढराफटक दिसावा म्हणून सफेदा लावत. हा सफेदा शिशाचा. तो छान पसरायचा, दाट बसायचा, डाग झाकायचा. पण शिसं म्हणजे विष. कातडी खराब व्हायची, म्हणून ती झाकायला बाई आणखी सफेदा लावायची. आयर्लंडमध्ये वाढलेली मारिया गनिंग ही लंडनमधली गाजलेली सुंदरी. ती १७६० मध्ये ऐन सत्ताविशीत वारली, आणि तिच्या मृत्यूचं खापर या सफेद्यावरच फोडलं गेलं.

सफेदा शिशाचा असतो तसा जस्ताचाही असतो. दिसायला दोन्ही पांढरे. पण जस्ताचा सफेदा म्हणजे झिंक ऑक्साइड. बाळाच्या लंगोटाच्या जागी पुरळ आलं की जी पांढरी मलमं लावतात, त्यांत हाच असतो. कॅलामाइन लोशनमध्ये हाच आणि उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीममध्येही हाच. सारखाच पांढरा रंग, एक विष आणि एक औषध. नुसत्या रंगाकडे बघून काय कळणार?

आपल्या रंगभूमीवर रंग टिकणं ही पोटापाण्याची गोष्ट होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि संगीत नाटकं गाजू लागली. ही नाटकं रात्री सुरू व्हायची ती पार पहाटेपर्यंत चालायची. बायकांच्या भूमिका पुरुष करायचे. नारायणराव राजहंस म्हणजे आपले बालगंधर्व. त्यांची शकुंतला, भामिनी, रुक्मिणी बघायला माणसं गाड्या जुंपून यायची, आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखे दागिने घडवायच्या. पुरुषाचा चेहरा बाईचा करायचा, दिव्यांच्या धगीत तो रात्रभर टिकवायचा, वर घाम आणि गाणं. आज आपण ज्याला 'लाँग लास्टिंग' म्हणतो, त्याची खरी परीक्षा तिथे व्हायची.

त्या काळच्या रंगपेटीत सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ असायचं. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा लाल रंग. आपल्याकडच्या नमनातही गौळणी पुरुषच व्हायचे. पेट्रोमॅक्सच्या उजेडात उठून दिसण्यासाठी तेही तोंडाला भरपूर रंग थापायचे. तिकडे जर्मनीत लुडविग लाइशनर नावाच्या गायक नटाने १८७३ मध्ये बर्लिनला चरबीत कालवलेल्या रंगांच्या कांड्यांचा कारखाना काढला आणि आपल्या रंगात शिसं नाही, हे सांगून तो माल विकला. घातक रंगांना नटच आधी कंटाळले, कारण त्यांना ते रोज लावावे लागायचे.

मग सिनेमा आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये लागला. त्यात तारामती झाले अण्णा साळुंके. फाळक्यांच्या त्यापुढच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आता आपल्या विषयाशी जोडलेली गंमत ऐका. त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते काळं यायचं. म्हणजे ज्या गोऱ्या गालांचं घरात कौतुक व्हायचं, त्यांची लाली पडद्यावर काळ्या डागांसारखी दिसायची. चेहऱ्यावर सगळीकडे सारखा रंग लावून ही लाली झाकणं, ही फाउंडेशनची गरज खरी तिथून वाढली.

अमेरिकेत मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये सिनेमासाठी पातळ, मऊ, तडे न जाणारा रंग तयार केला. पुढे रंगीत चित्रपट आल्यावर १९३७-३८ च्या सुमाराला त्यांनी पॅनकेक काढला. वडीसारखा, ओल्या स्पंजने लावायचा, पातळ थरातही चांगला झाकणारा. नट्या तो घरी नेऊ लागल्या, म्हणून तो बाजारात विकायला आला. आपल्याकडच्या जुन्या पार्लरवाल्या अजूनही "पॅनकेक केला" असंच म्हणतात. तो शब्द असा सिनेमातून आपल्या मांडवात आला.

आपल्या देशात टाटांनी १९५२ मध्ये लॅक्मे सुरू केली. हे नाव एका फ्रेंच संगीत नाटकातलं, पण त्याच्या मुळाशी आपली लक्ष्मीच आहे. सिमोन टाटा १९६१ मध्ये त्या कंपनीच्या संचालक मंडळावर आल्या आणि पुढे अध्यक्षाही झाल्या. मध्यमवर्गी घरांत देशी प्रसाधनं पोचली. मग १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली. इथे वळण आलं. फाउंडेशन रंग दिवसभरापुरता झाकतं आणि रात्री धुतलं जातं. ही नवी क्रीम रंगच बदलण्याचं आश्वासन देऊ लागली. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला, पण आपल्या मनातला अजून गेलेला नाही.

मैत्रिणींनो, आता जरा गंभीर बोलते. पार्लरमध्ये लाल, चुणचुणणारा चेहरा समोर आला, तर ती लाली जन्मजात गोरेपणाची आहे असं लगेच धरून चालू नका. कित्येक मुली गोरं होण्यासाठी स्टेरॉइडचं मलम महिनोनमहिने चेहऱ्याला लावतात. आधी चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, ऊन सोसत नाही, मलम थांबवलं की आग आग होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती याच कारणाने. अशी मुलगी आली तर फाउंडेशनच्या आधी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. मलम स्वतःच्या मनाने एकदम बंद करायलाही सांगू नका, ते डॉक्टरच सांगतील.

दुसरं विष पाऱ्याचं. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा गोरा दिसतो. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडं अशी बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांची क्रीम तपासली, तर तिच्यात पारा निघाला. शिसं आणि आर्सेनिक असलेल्या रंगांना कायद्याने बंदी आहे, आणि पारा दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांचा नियम तेवढा वेगळा आहे. तरी सुटी डबी, लेबल नसलेली डबी, "स्पेशल बनवून आणलीय" अशी डबी खेड्यापाड्यांत विकली जातेच. मारिया गनिंगच्या वेळी कुणाला पुरतं ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे.

तर मग नवरीसाठी काय निवडायचं?

आधी लेबल वाचा. कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची शेवटची तारीख आणि आत काय काय आहे त्याची यादी, एवढं हवंच. चेहरा लाल होणाऱ्या बाईसाठी सुगंध नसलेलं घ्या, कारण ॲलर्जीचं मोठं कारण सुगंधच असतं. मेंथॉल, कापूर, जास्त अल्कोहोल असलेलं टाळा. गार लागतं, पण पुढे आग होते. झिंक ऑक्साइड असलेलं मिळालं तर बरं.

छटा निवडताना गालावर लावून बघू नका. गाल आधीच लाल आहे, तो फसवणार. जबड्याच्या कडेला लावा, अंगणात उजेडात या, आणि रंग मानेशी जुळतो का ते बघा. अशा गोऱ्या रंगाला किंचित पिवळसर छटा शोभते. गुलाबी छटा लालीत भर घालते. मानेपेक्षा दोन घरं उजळ लावलं तर फोटोत चेहरा राखाडी आणि मान वेगळीच दिसते. गटाच्या पेटीसाठी दहा बाटल्या घेण्यापेक्षा चार छटा घ्या आणि मिसळून वापरा. खर्चही आटोक्यात राहतो.

लाली फार असेल तर तेवढ्याच जागी हिरव्या रंगाचं करेक्टर अगदी पातळ लावा. लाल आणि हिरवा एकमेकांना मारतात. सगळ्या चेहऱ्याला मात्र नको, नाहीतर नवरी आजारी दिसेल.

टिकण्याचं म्हणाल, तर बाटलीवर लिहिलेले तास आपल्या मे महिन्यातल्या दमट हवेत तसेच धरू नका. गार पाण्याने चेहरा धुवा, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लावा आणि ते मुरू द्या. मग ओल्या स्पंजने टिपत टिपत दोन पातळ थर द्या. एक जाड थर घामाबरोबर ओघळतो, दोन पातळ थर बसून राहतात. कपाळ, नाक, हनुवटी इथे थोडी पावडर. घाम आला तर मऊ सुती कापडाने टिपायचा, पुसायचा नाही. करवलीला एवढं शिकवून ठेवा.

हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीच किंवा फेशियल करायला साफ नाही म्हणा. जे फाउंडेशन लावणार ते आठवडाभर आधी कानामागे किंवा जबड्याला थोडं लावून दोन दिवस वाट बघा. खाज, आग, पुरळ आलं तर ते बाद. प्रत्येक नवरीला स्पंज वेगळा. आणि रात्री मेकअप काढल्याशिवाय झोपायचं नाही. जे जास्त टिकतं ते निघायलाही वेळ घेतं. मऊ क्लेन्झरने हलक्या बोटांनी काढायचं, खसाखसा घासायचं नाही.

गिऱ्हाईक "अजून गोरी करा" म्हणेल. घरचेही म्हणतील. तेव्हा आपल्या धंद्याची अक्कल दाखवायची. नवरी मांडवात तिच्यासारखीच दिसली पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी सासरी तोंड धुतल्यावर तिचा चेहरा धड असला पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीला आपापल्या पेटीतल्या सगळ्या डब्या घेऊन या. एकत्र बसून लेबलं वाचू आणि लेबल नसलेल्या डब्या तिथेच बाजूला काढू.